चार बोटं जास्त

शिडीकाकांना कुणी "या, बसा" म्हटलं की ते आधी खुर्चीखाली वाकून बघायचे. खुर्ची मोडकी तर नाही ना? आणि मोडकी नसेल, तर हा माणूस एवढ्या आग्रहानं बसायला का सांगतोय? हे दोन्ही प्रश्न मनाशी निकाली काढूनच ते टेकायचे. तोवर यजमानाचा आग्रह बहुधा संपलेला असायचा.

वीज खात्यात घरोघरी जाऊन मीटर वाचायचं त्यांचं काम होतं. जिन्याखालच्या उंच पेटीतलं मीटर वाचायला इतरांना स्टूल लागायचं, काकांना लागायचं नाही. उलट पेटी छातीशी असली की त्यांना गुडघ्यात वाकावं लागायचं. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव शिडीकाका ठेवलं, आणि ते नाव एवढं फोफावलं की खात्यातले साहेबही शिपायाला "शिडीकाकांना बोलवा" असंच सांगायचे.

संशय हा त्यांचा धंद्यातलाच गुण होता, हे मान्य करायला हवं. लोक मीटरला लोहचुंबक चिकटवतात, सील तोडून पुन्हा बेमालूम जोडतात, आणि वर मीटरवाल्याला सरबत विचारतात. सरबत विचारलं की काका पेटी दोनदा तपासायचे. शिशाची सीलं आणि ती दाबायची पक्कड त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम असायची. "ज्याला वस्तू विकायची आहे त्याच्या हातात माप द्यायचं नाही," हे त्यांचं एक वाक्य खात्यात नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला ऐकावं लागायचं. ऐकलं नसल्यास पुन्हा.

पण खात्यात लागण्याच्या आधीपासूनच हा माणूस पोळलेला होता. जगात उंच माणसाला काहीच पुरत नाही. पांघरूण डोक्यावर घ्यावं तर पाय उघडे, पाय झाकावेत तर छाती उघडी. दाराच्या चौकटी तर त्यांच्या कपाळाशी जुनं वैर असल्यासारख्या वागायच्या. आणि कळस म्हणजे त्यांच्या लग्नाचा फोटो. त्या फोटोत काकांच्या पँटखाली मोजे दिसतात, आणि मोज्यांच्या वर चांगली चार बोटं नडगी दिसते. शिंप्यानं कापड मारलं, अशी काकांची पक्की खात्री झाली. त्या दिवसापासून त्यांनी ठरवून टाकलं की शिंप्याची टेप अंगाला लावू द्यायची नाही, माप आपणच घरी घ्यायचं आणि ते सांगताना चार बोटं वाढवून सांगायचं. तो चार बोटं मारणार, मग हिशेब बरोबर.

आणि खरोखरच लग्नानंतर त्यांचे कपडे बरोबर येऊ लागले. दरवेळी नवी पँट घालून ते काकूंसमोर उभे राहायचे.

"बघ. चार बोटं जास्त सांगितली, म्हणून अंगासरशी आली. नाहीतर पुन्हा नडगी!"

"हो ना," काकू भाजी चिरता चिरता म्हणायच्या. "तुमच्यासारखं डोकं हवं माणसाला."

काकूंच्या या बोलण्यावर मात्र काकांनी कधी संशय घेतला नाही. स्तुती खरी वाटायला पुरावा लागत नाही.

आता सायकलीचं. काकांची फेरी सायकलवर व्हायची, आणि ती सायकल त्यांना नोकरीच्या सुरुवातीला कुणा बेताच्या उंचीच्या माणसाकडून मिळाली होती. सीटचा दांडा त्यांनी वर, वर, आणखी वर ओढून घेतला होता, इतका की "याच्या वर ओढू नये" म्हणून दांड्यावर कोरलेली रेघ कधीच बाहेर येऊन उघड्यावर पडली होती. तरी गुडघे हँडलला लागायचेच. वळण घेताना काका दोन्ही गुडघे फाकवायचे, तेव्हा समोरून येणारा माणूस आपोआप बाजूला व्हायचा. अशी वर्षंच्या वर्षं गेली. मग एक दिवस भर चौकात तो दांडा फ्रेमच्या नळीसकट चिरला. काका पडले नाहीत, कारण पाय जमिनीपासून फार लांब नव्हतेच. पण आधीच कुरकुरणारा गुडघा त्या दिवशी जो रुसला तो रुसलाच.

डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला. "सायकल लहान पडतेय तुम्हाला. दर पायडलला गुडघा पुरा उघडतच नाही. मापाची सायकल घ्या, नाहीतर सायकल सोडा."

साहेबांनी त्यातलं शेवटचंच ऐकलं. "काका, फेरी झेपत नसेल तर तळघरात जुन्या कागदांच्या खोलीत टेबल देतो. निवृत्तीपर्यंत निवांत बसा."

त्या खोलीचं छत काकांना माहीत होतं. तिथे ते सरळ उभे राहू शकत नव्हते. जगात एवढ्या चौकटींनी कपाळ फोडलं, पण दिवसभर मान मोडून बसायची वेळ कुणी आणली नव्हती. आणि फेरी गेली की बाकी राहिलं काय? गल्ल्या, जिने, कुत्री, सरबत, तुटलेली सीलं, सगळं गेलं. काका खरोखर घाबरले. साहेबांनी पुढल्या महिन्यापर्यंत मुदत दिली, आणि ते बाहेर पडले तेव्हा मनात पहिला विचार आला, की माझी फेरी नक्की कुणाच्या तरी मेव्हण्याला हवी असणार.

घरी ही बातमी सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "बसा की मग तळघरात. पंखा तरी आहे. या वयात किती त्या सायकली हाणणार?"

ते वाक्य काकांच्या मनात नोंदलं गेलं.

मग सायकलींची दुकानं सुरू झाली. एकानं मधल्या मापाची सायकल पुढे केली आणि म्हणाला, "सीट वर घेऊ की!" काका तिथूनच परतले. दुसऱ्यानं दुकानातली सगळ्यात मोठी काढली. तिच्यावर बसल्यावर काकांना हँडल पोटात आल्यासारखं वाटलं, तरी दुकानदार टाळ्या पिटून म्हणाला, "काय शोभतेय!" शोभतेय म्हणाला, बसतेय म्हणाला नाही, हे काकांच्या बरोबर लक्षात आलं.

शेवटी ते फ्रेमवाल्याकडे पोचले. हा नळ्या कापून, सांधे झाळून, माणसाच्या मापानं फ्रेम बनवायचा. वर्कशॉप एका जुन्या गोदामात होतं, समोरच एक चार मजली इमारत. फ्रेमवाला तिरसट होता. आलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचा.

"उंच माणसाला मोठी फ्रेम लागते, एवढं सगळेच सांगतात," तो म्हणाला. "पण तुमची उंची पायात किती आणि धडात किती, त्यावर सगळं आहे. चपला काढा. भिंतीला पाठ लावून उभे राहा."

"चपला कशाला?"

"मापाला."

"चपला घालूनच सायकल चालवणार ना मी?"

"काका, हे जाड पुस्तक दोन पायांमध्ये धरून वर दाबायचं. त्याच्या वरच्या कडेला भिंतीवर खूण करायची. जमिनीपासून त्या खुणेपर्यंत जी लांबी भरेल, ती खरी. फ्रेमचा हिशेब तिच्यावरून निघतो."

काकांचं लक्ष वर गेलं. आढ्याला एक भली थोरली फ्रेम टांगलेली होती. रंग उडालेला, धुळीनं माखलेली. त्यांना सगळा डाव उमगला. हा अनवाणी उभं करून काहीतरी मोजणार, मान डोलावणार, आणि ही पडून राहिलेली फ्रेम रंगवून गळ्यात मारणार.

"माप मी घरून आणतो," काका म्हणाले.

"सगळे तसंच म्हणतात," फ्रेमवाला पुटपुटला. म्हणजे काय, ते काकांनी विचारलं नाही.

घरी त्यांनी काकूंना हाताशी घेतलं. भिंतीला पाठ लावली, जाड पुस्तक दाबलं, काकूंनी शिसपेन्सिलीनं खूण केली. जमिनीपासून त्या खुणेपर्यंत काकांनी सुतळी ताणली, आणि गाठ मारताना सवयीनं चार बोटं वर सरकले. काकूंनी पाहिलं. "सायकललासुद्धा?" एवढंच त्या म्हणाल्या.

"नळी कापड नाही म्हणून काय झालं? मारायची म्हटली तर नळीही मारता येते."

सुतळी फ्रेमवाल्याच्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकली, आणि काका पायी फेरी करू लागले. गुडघा चरफडत होता. एक दिवस फ्रेमवाल्यासमोरच्याच इमारतीत, जिन्याच्या खिडकीशी मीटर वाचताना त्यांची नजर खाली गेली आणि आकडा डोक्यातून उडाला. वर्कशॉपमधून काकू बाहेर पडत होत्या. तीच जांभळी पिशवी, तीच घाईची चाल. सकाळी म्हणाल्या होत्या, "बहिणीकडे जाऊन येते."

संध्याकाळी काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बहीण कशी आहे?"

"बरी आहे."

"घरीच होती?"

"मग कुठे जाणार?"

एवढं धडधडीत! काका जेवले, पण काय जेवले ते त्यांना कळलं नाही. मग एकेक धागा जुळत गेला. "बसा की तळघरात" कोण म्हणालं होतं? पंख्याचं कौतुक कुणी केलं होतं? हिला मी घरात, नाहीतर तळघरात बसायला हवाय. त्या तिरसटाला पटवून ही सायकल बिघडवतेय. माणूस खात्यातल्या शंभर जणांवर संशय घेऊ शकतो आणि रात्री शांत झोपतो. घरातल्या एकाच माणसावर घेतला की झोप उडते. काकांची उडाली.

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपात हजर.

"काल इथे एक बाई आल्या होत्या?"

फ्रेमवाल्यानं कानस थांबवली. "हो... पंक्चरचं विचारायला."

काकूंकडे सायकल नव्हती. काकांनी खिळ्यावरची सुतळी काढली आणि बोटांनी चाचपली. आयुष्यभर सीलं तपासलेली बोटं ती. गाठ त्यांची नव्हती. त्यांची गाठ डावीकडून यायची, ही उजवीकडून आली होती, आणि जुन्या गाठीची सुरकुती सुतळीवर वरच्या बाजूला अजून दिसत होती. गाठ खाली सरकवली होती. चार बोटं.

काकांनी ती गाठ सोडली. आपल्या जागेवर पुन्हा मारली. मग मनात आलं, हिनं एकदा खाली सरकवली तर हा दुसऱ्यांदा सरकवेल, म्हणून आणखी दोन बोटं वर घेतली. पिशवीतून शिशाचं सील काढलं, गाठीत ओवलं, पक्कडीनं कचकन दाबलं. सुतळीला सरकारी सील ठोकणारा त्यांच्यासारखा दुसरा कुणी झाला नसेल.

"आता हिला हात लावायचा नाही. कुणी काहीही सांगू दे."

"काका, एकदा अनवाणी उभे राहा. मी मोजतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको."

"मग नंतर मला बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

फ्रेमवाल्यानं खांदे उडवले आणि नळी करवतीखाली घेतली.

सायकल तयार झाली ती मुदत संपायच्या आदल्या दिवशी. निळी, लखलखीत. काकांनी तिच्यावरून हात फिरवला, क्षणभर त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला, आणि टांग टाकली. म्हणजे टाकायचा प्रयत्न केला. दोन्ही बाजूंना पाय सोडून उभं राहायला गेले तर आडवा दांडा नको तिथे रुतला. सीट पार खाली, नळीला टेकलेली, तरी पायडल खाली गेलं की पाय त्याच्या मागे धावायचा आणि अंगठा कसाबसा पोचायचा. हँडल तर पलीकडच्या गल्लीत. गोदामासमोर एक चक्कर मारून ते परतले तेव्हा कंबर डावी-उजवीकडे हिंदकळत होती आणि गुडघा आता मागच्या बाजूनं दुखत होता.

"फसवलंस मला! ही कुणाच्या मापाची फ्रेम आहे?"

फ्रेमवाल्यानं खिळ्यावरची सुतळी आणून त्यांच्या हातात दिली. "सील तुमचंच ना? फुटलंय का बघा."

सील फुटलेलं नव्हतं.

"त्या दिवशी काकू आल्या होत्या," फ्रेमवाला म्हणाला. आता त्याच्या आवाजात तिरसटपणा नव्हता, कंटाळा होता. "म्हणाल्या, ते चार बोटं वाढवून सांगतात, तेवढी कमी करा, आणि मी आले होते हे सांगू नका. मी नाही सांगितलं. तुम्ही पक्कड काढलीत. मग मी काय करणार?"

काकांचं लक्ष उगाच आढ्याकडे गेलं. "ती वरची कुणाची?"

"तुमच्यासारखेच एक होते. माप घरून घेऊन आले होते."

काका पायीच घरी आले. काकू बाहेर गेल्या होत्या. काकांनी चपला काढल्या, त्या भिंतीपाशी गेले, आणि सुतळीचं टोक जमिनीवर पायानं दाबून सुतळी वर ताणली. पेन्सिलीची खूण जिथे होती तिथेच होती. सीलवाली गाठ तिच्या वर, दिमाखात. लोकांच्या मीटरवरचे लोहचुंबक हुडकण्यात या माणसाचा जन्म गेला, आणि स्वतःच्या मापावर तो आपल्याच हातानं चुंबक लावत आला होता. ते तसेच जमिनीवर बसून राहिले.

काकूंनी दार उघडलं, सुतळी पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवली.

"कपडेसुद्धा?" काकांनी विचारलं.

"हो."

"सगळे?"

"लग्नानंतरचे सगळे. तुम्ही सांगून आलात की मी जाऊन यायची. शिंप्याकडे आता जावंही लागत नाही, त्याला सवय झालीय. बूटवाल्याकडे मात्र दरवेळी."

"बूटसुद्धा! अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आठ बोटं वाढवली असतीत."

दोन बोटं तर काकांनी वाढवलीच होती. त्यांना एकदम फार वाईट वाटलं. इतकी वर्षं कपडे अंगासरशी बसत होते, ते आपल्या हुशारीमुळे, असं समजून ते आरशासमोर मिरवत आले, आणि ही भाजी चिरत गप्प बसली. आणि ज्या एका माणसानं आपल्याला आयुष्यात कधी आखूड पडू दिलं नाही, त्याच्यावरच पाळत ठेवून बसलो.

"मला वाटलं, तुला मी तळघरात हवाय," ते हळू आवाजात म्हणाले.

"हवाच होतात," काकू म्हणाल्या. "तुमचा गुडघा रात्री कण्हतो तो मला ऐकू येतो, तुम्हाला नाही. पण म्हणून मी सायकल बिघडवीन? काहीतरीच तुमचं." आणि त्या चिडल्या. इतक्या वर्षांचं साचलेलं त्या एका संध्याकाळी बोलल्या. काकांनी ते सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकही प्रश्न न विचारता.

बोलून झाल्यावर काका उठले आणि अनवाणीच भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पुस्तक दाबलं. सुतळीचा नवा तुकडा काकूंच्या हातात दिला.

"गाठ तू बांध."

"बघणार नाही?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. पापण्या फडफडत होत्या, पण उघडल्या नाहीत.

तळघर मात्र चुकलं नाही. साहेबांनी फेरी दुसऱ्याला दिली आणि म्हणाले, "सायकल झाली की बघू." हे 'बघू' काकांना बिलकूल आवडलं नाही. तळघराच्या पहिल्या दिवशी वाट वाकडी करून ते वर्कशॉपवर नवी सुतळी देऊन आले होते. वाटेत खिशातला हात तीनदा गाठीवर गेला आणि तीनदा परत आला.

फ्रेमवाल्यानं सुतळी हातात घेऊन विचारलं होतं, "गाठ कुणी बांधली?"

"हिनं."

"मग ठीक," म्हणून त्यानं ती न मोजताच खिळ्याला लावली. निळी फ्रेम आढ्याला, त्या धुळकट फ्रेमच्या शेजारी चढली.

नवी सायकल येईपर्यंत काका मान मोडून तळघरात बसले. पंखा होता, पण तो त्यांच्या डोक्याच्या इतका जवळ फिरायचा की उभं राहताना त्यांना आधी तो बंद करावा लागायचा. मग सायकल आली. पायडल तळाला गेलं की पाय जवळजवळ सरळ व्हायचा, हँडल हाताला आपणहून भेटायचं, आणि गुडघ्याची कुरकुर एकेक दिवसानं कमी होत गेली. डॉक्टरांनी लेखी दिलं, साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, आणि फेरी परत दिली. पहिल्याच दिवशी एका घरी काकांना सरबत विचारलं गेलं. त्यांनी पेटी दोनदा तपासली. सगळंच सोडून देणं काही बरं नव्हे.

पुढे खात्याकडून गणवेशाचं कापड आलं. काका शिंप्याकडे गेले, माप सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यात एक बोटही वाढवलं नाही. कुणाला न सांगता केलेलं पुण्य म्हणून मनातल्या मनात फुशारले. शिंप्यानं नेहमीसारखी मान डोलावली.

पँट शिवून आली. काकांनी ती घातली आणि ते आरशासमोर उभे राहिले. पँटखाली मोजे दिसत होते. मोज्यांच्या वर चांगली चार बोटं नडगी दिसत होती, हुबेहूब लग्नाच्या फोटोतल्यासारखी. काकांची कानशिलं तापली. शिंपी, कापड, चोरी, सगळे जुने शब्द जिभेवर येऊन ठेपले.

मागे काकू उभ्या होत्या. त्या आधी नडगीकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याच्या तोंडाकडे, आणि मग पलंगावर बसकण मारून हसत सुटल्या.

"अहो, खरं माप सांगितलंत की काय त्याला?"

काकांनी पँट खाली ओढून पाहिली.

"मग त्यानं आपली नेहमीची चार बोटं कापली!" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "थांबा, मी आत्ता जाऊन सांगून येते."

"नको," काका म्हणाले. ते वाकून आपल्या नडगीकडे बघत होते, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. "राहू दे. सायकलच्या चेनमध्ये अडकणार नाही."

आणि तीच पँट घालून ते फेरीला गेले.